गोव्याला नारळ

आम्ही बेळगावात, मुलगा मुंबईत, मुलगी लग्न होऊन पणजीत. दोघांत एकच स्पर्धा चालू असते : जास्त महागाईत कोण राहतं? जो जिंकेल त्याच्या खोक्यात आई जास्त माल भरते.

मुलगा म्हणतो, बोरिवलीत दर अकरा महिन्यांनी करार, पुन्हा दलाली, पुन्हा डिपॉझिट वाढवून. बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीट मे २०२५ मध्ये पाचाचं दहा झालं, ते तर त्याने असं सांगितलं, की बेस्टने त्याला एकट्यालाच गाठलं असावं. मुलगी ऐकून घेणाऱ्यातली नाही. "तुला लोकल तरी आहे, पाच रुपयांपासून बसतोस. इथं रात्री आठनंतर बस शोधून दाखव. ओला नाही, उबर नाही, आणि पर्वरीला जायचं तर टॅक्सीवाला नुसता आकडा सांगून पाय मोडतो." त्यातून घरमालकाला भाडेकरूपेक्षा पर्यटक लाडका. सीझन आला की त्याला अचानक आठवतं, की फ्लॅट रंगवायचा आहे. जून-जुलैत ट्रॉलर बंद, तेव्हा मासळीचा दर विचारायचीही सोय नसते.

"पण पेट्रोल तुझ्याकडे स्वस्त," मुलगा.

"पिऊ काय?" मुलगी.

निकाल लागत नाही म्हणून आई दोन्ही खोकी भरते आणि मी ती उचलतो. परवा ती उचलून बसच्या पार्सल ऑफिसात गेलो. तिथल्या पोराने विचारलं, "तेलकट काय नाही न्हवं?" मी "नाही" म्हणेपर्यंत एका खोक्याच्या बुडाशी लोणच्याने स्वतःच उत्तर दिलं होतं. मग भर रांगेत सगळं उघडणं आलं. नाचणीचं पीठ, बेळगावी बासमती, कुंद्याचा डबा, माझ्या जुन्या लुंगीत गुंडाळलेली बरणी (लुंगी सगळ्यांनी नीट बघितली), आणि पणजीच्या खोक्यातून दोन नारळ.

"ओ काका," पोरगा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गोव्याला नारळ?"

हशा झाला. तो चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या ओटीचा नारळ होता, दुसरा सोबतीला. शिवाय नारळ आता गोव्यातही सोन्याच्या भावाने मिळतो. पण हे सांगायला तोंड उघडेपर्यंत बाकड्यावरचे एक गृहस्थ उठून आले. ताठ पाठ, पांढऱ्या मिशा, काखेत छत्री. रांगेतल्यांनी त्यांना 'सुभेदार' म्हणून वाट करून दिली.

"पोरगा कुठं असतो मुंबईत?"

"बोरिवलीला."

"एवढं लांब कशाला? कुलाब्याला ऱ्हायाचं की."

मी म्हटलं, कुलाब्याचं भाडं ऐकलंय का तुम्ही?

"भाडं?" सुभेदारांनी रांगेकडे साक्षीदार म्हणून पाहिलं. "कुलाब्याला कधीपास्नं भाडं? मी होतो की तिथं. एक पैसा दिला न्हाई कुणाला."

"अहो, तुम्ही पलटणीत होता."

"म्हणून तर सांगूलालोय! खोली सरकारची. जेवण मेसला. केस कापायचे तेही पलटणीत. बूट फाटला तर नवीन. समुद्राचा वारा रात्रभर. आणि ह्यांचा पोरगा म्हणतोय, मुंबई महाग!"

"होय की ओ," मागचा एक जण म्हणाला, "आताची पोरं हाटेलात लई खातात."

हा कोण? माझ्या पोराला याने हाटेलात कधी पाहिलं? पण रांगेत एकदा ठराव मांडला गेला, की अनुमोदनाला माणूस मिळतोच.

"आणि पणजी?" सुभेदारांनी स्वतःच पुढचा विषय घेतला. "बांबोळीला होतो. तिथं तर काय विचारूच नका, स्वस्ताईच स्वस्ताई. कँटीनची रम..."

"माझी मुलगी रम घेत नाही."

"घेऊ नये. आणून ठेवावी. पाव्हण्यांना होते." मग आवाज उतरवून, आपुलकीने, "जावई काय करतो?"

"खासगी कंपनीत आहे."

सुभेदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तिथंच चुकलं बघा तुमचं."

उधळ्या पोरांचा चुकलेला बाप म्हणून मी काउंटरला पोचलो, तर दोन्ही खोक्यांचं भाडं सारखंच. म्हटलं, मुंबई जवळजवळ पाचशे किलोमीटर, पणजी सव्वाशेच्या आतबाहेर, सारखं कसं?

"चोर्ला घाट हाय की ओ."

"घाट मुंबईच्या वाटेलाही आहे. आणि चोर्ला जाताना उतार आहे."

"येताना चढाय लागतंय की."

"येताना माझं खोकं नसतं तिच्यात!"

"नसूं दे. गाडी तर येते न्हवं?"

"बरोबर हाय," सुभेदार म्हणाले. मी पैसे मोजले.

राग खरा त्याचा नाही. त्याच चोर्ल्यातून आमच्या बेळगावची भाजी रोज गोव्याला उतरते आणि तिथल्या फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यांवर सवलतीच्या दरात विकली जाते. संध्याकाळी मुलगी फोनवर टोमॅटोचा दर सांगते, कधीकधी तो आमच्यापेक्षा कमी असतो. गणपत गल्लीत मी वाकडी शेवग्याची शेंग हातात धरून उभा, आणि भाजीवाली मावशी सांगते, "चांगला माल पहाटेच गोव्याला गेला ओ." माल आमचा, वाफे आमचे. म्हादई उगवते तीसुद्धा आमच्या खानापूर तालुक्यात, आणि तिच्या पाण्यावर लवादापुढे भांडली तीन राज्यं. तिकडून आम्हाला काय येतं? मासळी. तीही तिथं कुणी उचलली नाही ती. मुंबई महाग की पणजी, यावर पोरं तासभर वाद घालतात. बेळगावात काय भावाने जगता, असं दोघांपैकी कुणी विचारत नाही.

बायकोला मात्र हे पटत नाही. पार्सलचे पैसे तिचेच असतात, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे. तिने हिशोब करून ठेवलाय : महाराष्ट्रात लाडक्या बहिणीला दीड हजार, गोव्यात गृहआधारचे दीड हजार, कर्नाटकात दोन. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. लहानपणापासून मोर्च्यात घोषणा दिलेल्या आमच्या घरात तो आता पाचशे रुपयांच्या फरकाने निकाली निघायच्या बेतात आहे.