रोज एक तास फक्त स्वतःसाठी

मैत्रिणींनो, तुमचं स्वतःकडे अजिबात लक्ष नाही. मला हे परवा कळलं. ऑफिसात व्याख्यान होतं, साडेपाच ते साडेसात, म्हणजे ऑफिस सुटल्यावर. फक्त महिला कर्मचाऱ्यांसाठी, हजेरी सक्तीची. पुरुष मंडळी घरी गेली, त्यांचं स्वतःकडे लक्ष असतंच. मॅडम गोड बोलत होत्या, पडद्यावर कमळ उमलत होतं. शेवटी साहेब म्हणाले, "ताण घेत जाऊ नका." (माझ्या किरकोळ रजेचा अर्ज त्यांनी त्याच दुपारी परत पाठवला होता.) तर तिथं मिळालेलं ज्ञान वाटून टाकते.

पहाटे लवकर उठा. घर झोपलेलं असतं, ती वेळ फक्त तुमची. सोलापुरात ही सोय आधीपासून आहे. आपलं पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि मनात आलं तर रात्री दोनलाही येतं. शेजारच्या काकू दार वाजवतात, "पाणी आलंय बघा की ओ!" उठायचं. आधी नळाची फुसफुस ऐकायची, हा श्वासाचा व्यायाम. पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं, मोटार लावायची. टाकी, मग बॅरल, मग घागरी, कळशा, शेवटी पातेली. प्यायचं गाळून वेगळं. मोटार हवा ओढायला लागली की धावत जाऊन बंद करायची. मन एकदम वर्तमानात राहतं, आतून घोरण्याची साथ असते. ११७ टीएमसीचं उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात. भरलं की साडी-चोळी, नारळ, फोटो. शहर स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत, २०१६ साली. आणि मी रात्री अडीचला पाईप धरून उभी, लाईट जाऊ नये म्हणून सिद्धरामेश्वराला हात जोडत! कसली ओटी भरता धरणाची? आधी आमच्या घागरी भरा की!

असो. ताण घ्यायचा नाही.

भरपूर पाणी प्या.

आठवड्यातून एकदा गरम पाण्याच्या टबात निवांत पडून राहा. टब नसेल तर बॅरलमध्ये उतरा. घरच्यांनी पुढचे चार दिवस काय प्यायचं, हा त्यांचा प्रश्न.

रात्री फोन लांब ठेवा. फक्त गल्लीचा पाण्याचा ग्रुप तेवढा चालू असू द्या.

संध्याकाळी कंबर तलावाला एक फेरी मारा. मे महिन्यात गेलात तर सावली आपापली न्या.

हातांना छंद द्या, मन शांत होतं म्हणे. आमच्या मागच्या गल्लीतल्या बायकांना हा छंद वर्षानुवर्षं आहे. मांडीवर सूप, भिजवलेलं तेंदूपान पत्र्याच्या मापानं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. कारखान्यात छाट निघाली, म्हणजे विड्या नापास झाल्या, की तेवढी मेहनत गेली. बोलतानासुद्धा मान वर होत नाही, बोटं चालूच. त्यांनी रोज एक तास स्वतःसाठी काढला तर किती विड्या कमी भरतील, हे मॅडमना विचारायचं राहिलं. चहा आला आणि सगळ्या उठल्या.

आता पुरे. साहेब, एवढी कळकळ असेल तर रजा मंजूर करा. व्याख्यान ऑफिसच्या वेळेत ठेवा, आणि पुरुषांना पहिल्या रांगेत बसवा. आम्हाला श्वास घेता येतो.

आणि घरातले तुम्ही. आठला दमून दारात आले तर पहिला प्रश्न काय? "आज जेवायला उशीर होणार का?" कुकर लावायला हात मोडले होते का? पन्नाशीला आलेला माणूस, स्वतःचा डबा सिंकमध्ये ठेवता येत नाही आणि आठ मार्चला नारीशक्तीचं स्टेटस ठेवतो! लाज वाटत नाही? सासूबाई, तुम्हीही हसू नका, हे लाड तुम्हीच केलेत. मुलगा कॉलेजात जातो, त्याला मोटारीचं बटण कुठं आहे माहीत नाही.

पुढच्या पाण्याला तुम्ही दोघं उठायचं. ग्रुपमध्ये तुमचे नंबर टाकलेत. बटण मीटरच्या खाली आहे, पाईप मोरीच्या मागे. बॅरल आधी विसळून घ्या. आणि काही सापडलं नाही तर मला हाक मारायची नाही.