‘केस टाकली की मूल आईचं’? मुळीच नाही

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘बायकोनं घरगुती हिंसाचाराची केस टाकली की मूल आपोआप तिचं, बापाची भेट बंद, अटक ठरलेली. वकिलावर पैसे घालवू नका.’

आपोआप काही होत नाही. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातल्या कलम २१ खाली मॅजिस्ट्रेट देतात तो ताबा तात्पुरता, आणि त्यासाठी संरक्षणाचा किंवा त्याच कायद्यातल्या दुसऱ्या कुठल्या मागणीचा अर्ज चालू असावा लागतो. पुढचा निकाल फॅमिली कोर्टात, मुलाचं हित पाहून. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं, पण हिंदू कुटुंबांत ते १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यामुळे. त्याला आरोप लागत नाही.

भेटीचंही तेच. भेटीनं मुलाला अपाय होईल असं वाटलं तरच मॅजिस्ट्रेट ती नाकारतात. म्हणून आईच्या अर्जात ‘नेहमी मारतात’ एवढ्यानं भागत नाही. तारीख, जागा, मूल तेव्हा कुठे होतं, दवाखान्याचा कागद, हे सगळं हवं. ‘भांडण नवरा-बायकोचं, मुलाचा काय संबंध’ हेही तितकंच पोकळ: मुलादेखत झालेली मारहाण ताब्याच्या प्रश्नात मोजली जातेच.

अटक? २००५ च्या कायद्याच्या कलम १२ खाली बायको मॅजिस्ट्रेटकडे करते त्या अर्जावर होत नाही. संरक्षण आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संपर्काची मनाई असताना ‘मुलाची चौकशी’ म्हणून केलेला फोनही त्यात येऊ शकतो. सासरच्या छळाचं ४९८-अ, म्हणजे आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, हे प्रकरण वेगळं. तिथेही सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर सरसकट अटक करता येत नाही.

‘वकील करू नका’ हा सल्ला सगळ्यांत महागात पडतो. पेशी चुकवली की २००५ च्याच कायद्याच्या कलम २३ खाली एकतर्फी आदेश होऊ शकतो. जबाबात ‘सर्व आरोप खोटे’ एवढंच लिहून चालत नाही, परिच्छेदागणिक उत्तर द्यावं लागतं. चॅटचे प्रिंट द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. मराठी चॅटसोबत हिंदी भाषांतर द्या, आणि सोयीच्या चार ओळी न देता सलग संवाद द्या. गाळलेलं समोरचा वकील आणतोच. मुलाच्या फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, पालकसभेच्या सह्या काढून ठेवा. शाळेतून मूल परस्पर उचलून आणलंत तर हे सगळे कागद फिके पडतात.

आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत सेशन कोर्टात अपील करता येतं. परिस्थिती बदलली तर कलम २५ खाली त्याच मॅजिस्ट्रेटकडे बदल मागता येतो. महिलांना विधिक सेवा प्राधिकरणाचा वकील उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो.