बंदी घालून नेड केली मेला नाही

वीरप्पनवरचा एक सिनेमा टीव्हीवर लागला आणि भाऊजी पुण्याहून फोनवर तापले. "असल्या माणसांवर सिनेमे काढूच कसे देतात? तुमच्या ऑस्ट्रेलियात चाललं असतं का?"

अहो, सुरुवातच इथून झाली! १९०६ साली मेलबर्नमध्ये नेड केली या इथल्या नामचीन दरोडेखोराच्या टोळीवर तासाभराहून मोठा सिनेमा आला. जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट तोच मानतात. बंदीही झाली. १९१२ साली न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी दरोडेखोरांचे सिनेमेच बंद केले. उपयोग? २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनात केलीचा पत्र्याचा मुखवटा घातलेले कलाकार मैदानात होते. त्याचं चिलखत मेलबर्नच्या स्वॉन्स्टन स्ट्रीटवरच्या लायब्ररीत आहे, शाळांच्या सहली जातात.

आपल्याकडे वाद एकाच जागी अडतो: नायक की खलनायक. मधल्या गावांचं कोणी विचारत नाही. केली सापडेना तेव्हा १८७९ च्या सुरुवातीला पोलिसांनी त्याचे पाठीराखे म्हणून शेतकऱ्यांना बीचवर्थच्या तुरुंगात डांबलं. पुरावा नाही, आठवड्यामागून आठवडे नुसती तारीख. लोक उलट केलीकडेच झुकले. वीरप्पनच्या सत्यमंगलमच्या जंगलाकाठी तर दुहेरी मरण. खबऱ्या ठरलात तर वीरप्पन मारणार, नाही ठरलात तर पोलिसांचं विशेष कृती दल उचलणार. चौकशीसाठी नेमलेल्या सदाशिव समितीपुढे गावकऱ्यांनी या दलाने केलेल्या छळाच्या कहाण्या सांगितल्या. त्या गावकऱ्यावर काढा ना सिनेमा. मिशा कशाला मोजायच्या?

हे सगळं मी भाऊजींना ऐटीत ऐकवलं. ऑफिसात मात्र कोणी हसत म्हणालं, "दोन राज्यांचे पोलीस, एवढी वर्षं, आणि एक माणूस सापडेना?" तेव्हा माझं डोकं फिरलं. ते जंगल केवढं, डोंगर कसले, आणि तुमच्या केलीला धरायला तरी वीस महिने का लागले, असं बरंच बोललो. फोनवर ऑस्ट्रेलियाचा वकील, ऑफिसात तमिळनाडू-कर्नाटकाचा.

केलीची गोष्ट इथले लोक डोळे मिचकावत सांगतात. १८७८ साली स्ट्रिंगीबार्क ओढ्यापाशी त्याच्या टोळीने मारलेले केनेडी, लोनिगन आणि स्कॅनलन हे तिघेही पोलीस आयर्लंडहून आलेले होते. परक्या मुलखात नोकरी धरलेली माणसं. केली इथेच जन्मलेला. माझं मन कोणाकडे ओढतं ते ऑफिसात बोलत नाही. भाऊजींनाही नाही, ते लगेच म्हणतील, मग ये की परत.