‘सीआयडी’तल्या नटांना अभिनय येत नव्हता म्हणे!

दर दोन-तीन महिन्यांनी एक मजकूर फिरत फिरत माझ्या फोनवर येतो. वर शिवाजी साटम, आदित्य श्रीवास्तव, दयानंद शेट्टी आणि दिनेश फडणीस यांचा एकत्र फोटो. खाली जे लिहिलेलं असतं त्याचा मथितार्थ असा: ‘सीआयडी’ या हिंदी तपासमालिकेतल्या या मंडळींना अभिनय कधी आलाच नाही. नाटकाचा पाया नाही. बाहेर कुणी विचारलं नाही म्हणून वीस वर्षं एकाच मालिकेला चिकटून बसले. दोन-तीन वाक्यं आणि एक तोडायचा दरवाजा यावर भागवलं. आज त्यांची किंमत मीमपुरती. शाळेच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर हे येतं, खाली हसण्याच्या खुणा पडतात आणि मजकूर पुढच्या ग्रुपवर जातो.

मला यावर हसता येत नाही. त्यातला एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो. पटलं तर हेही पुढे पाठवा.

पहिला आरोप, नाटकाचा पाया नाही. शिवाजी साटम सेंट्रल बँकेत नोकरीला होते. मुंबईत एक काळ असा होता की बँकांमधले, कारखान्यांमधले, सरकारी कचेऱ्यांमधले लोक दिवसभर काम करून संध्याकाळी तालमीला जमायचे. आंतरबँक नाट्यस्पर्धा ही नुसती हौस नव्हती. तिथे परीक्षक असायचे, चुरस असायची, आणि व्यावसायिक रंगभूमीवरची माणसं तिथे नवा नट शोधायला येऊन बसायची. साटमांना तिथेच बाळ धुरींनी पाहिलं आणि एका संगीत नाटकात घेतलं. नोकरी सांभाळून केलेल्या नाटकांचा हा पाया आहे. दिवसभर काउंटरच्या पलीकडची माणसं पाहायची आणि संध्याकाळी ती रंगमंचावर उभी करायची, अशा शाळेतून आपल्याकडे किती नट आले हे मराठी माणसाला सांगावं लागू नये. तरी हा मजकूर सगळ्यात जास्त मराठी ग्रुपवरच फिरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि साटमांनी ‘सीआयडी’त केलेला एसीपी प्रद्युम्न १९९८ साली अचानक आकाशातून पडला नाही. ‘सीआयडी’चे कर्ते बी. पी. सिंग हे मूळचे कॅमेरामन, मुंबई दूरदर्शनच्या बातम्यांसाठी काम केलेले. त्यांनी आधी दूरदर्शनवर मराठीत ‘एक शून्य शून्य’ केली होती. मुंबई पोलिसांच्या तपासांवर बेतलेल्या त्या मालिकेत तपास अधिकारी होते शिवाजी साटम. ज्यांनी ती तेव्हा पाहिली त्यांना आठवत असेल, आवाज न चढवता, समोरच्याला बोलू देत, मधेच एखादा प्रश्न टाकणारा तो पोलीस. २१ जानेवारी १९९८ रोजी सोनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली तेव्हा त्या पोलिसाची बरीच तालीम मराठीत होऊन गेलेली होती.

दयानंद शेट्टींबद्दलही तेच. ते गोळाफेक आणि थाळीफेक करणारे खेळाडू. पायाच्या दुखापतीने खेळ सुटला आणि ते नाटकाकडे वळले, तेही तुळू रंगभूमीकडे. मुंबईत तुळू नाटकांना केवढा प्रेक्षक आहे हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. तिथल्या एका नाटकात त्यांना अभिनयाचं पारितोषिक मिळालं होतं, ‘सीआयडी’तला इन्स्पेक्टर दया व्हायच्या आधी. तेव्हा त्यांच्याबद्दल म्हटलं जाणारं ‘अंगकाठी बघून उभा केला’ हे वाक्य निदान अर्धवट आहे.

दुसरा आरोप मला सगळ्यात जास्त टोचतो: बाहेर कुणी विचारलं नाही.

आदित्य श्रीवास्तव अलाहाबाद आणि दिल्लीच्या नाटकांतून आले. ‘बँडिट क्वीन’मधला फूलनचा नवरा पुत्तीलाल म्हणजे हाच माणूस. ‘सत्या’मधला इन्स्पेक्टर खांडिलकर हाच. ‘सत्या’ १९९८च्या जुलैत लागला. म्हणजे अभिजीत म्हणून ते मालिकेत रुळले त्याच्या आधी हे दोन चित्रपट त्यांच्या खात्यावर होते. मालिका चालू असतानाही काम थांबलं नाही. ‘गुलाल’मधला करण आठवा. पुढे ‘सुपर ३०’मधला लल्लन सिंग. आणि ‘ब्लॅक फ्रायडे’मधला बादशाह खान, ज्याच्यासाठी मी हा सगळा खटाटोप करतोय असं म्हटलं तरी चालेल.

१९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा हा चित्रपट खटल्यामुळे अडकून पडला आणि २००७च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. त्यात बादशाह खान हा कटातला एक प्यादा. स्फोट होतात, वरचे देशाबाहेर निसटतात, आणि हा खिशातले पैसे संपत चाललेले असताना एका गावातून दुसऱ्या गावात पळत राहतो. फोन करतो, उत्तर मिळत नाही. श्रीवास्तव यांनी ही दमछाक फक्त खांद्यांतून आणि डोळ्यांतून दाखवली आहे. मग पोलिसांच्या खोलीत तो के. के. मेनन यांच्यासमोर बसतो, आणि आपण जे केलं ते कुणी आपल्याकडून करवून घेतलं हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत जातं. दर आठवड्याला टेबलाच्या ज्या बाजूला बसून अभिजीत आरोपीला प्रश्न विचारायचा, त्याच्या बरोबर उलट बाजूला बसून त्याच माणसाने हे काम केलंय. दोन्ही लागोपाठ पाहा. एकाच नटाने चौकशीच्या खोलीतल्या दोन्ही खुर्च्या इतक्या खऱ्या केल्याचं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही.

साटमांना बाहेर काम नव्हतं म्हणणाऱ्यांनी १९९९चा ‘वास्तव’ काढून बघावा. संजय दत्तच्या रघूचा बाप. मुलगा गुंड झालाय, घरात पैसा येतोय, आणि त्या पैशाकडे बघताना या माणसाची मान ताठ राहत नाही. आई झालेल्या रीमाबाईंबद्दल सगळे बोलतात, ते योग्यच आहे, पण त्या चाळीतल्या बापाची लाज साटमांनी एकही मोठं वाक्य न घेता दाखवलीय. तिकडे ‘सीआयडी’त प्रद्युम्नचा स्वतःचा मुलगा नकुल गुन्हेगार निघतो आणि गोळी बापाच्या हातून सुटते. एक बाप हतबल, दुसरा कर्तव्याने बांधलेला. हे दोन्ही बाप एकाच माणसाने उभे केले, आणि एकाची सावली दुसऱ्यावर पडू दिली नाही. पुढे ‘उत्तरायण’ आला, जयवंत दळवींच्या ‘दुर्गी’ नाटकावरचा. उतारवयात लहानपणची मैत्रीण पुन्हा भेटते, असा संकोचाने भरलेला पुरुष, समोर नीना कुळकर्णी. २००४च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. ज्यांना साटम म्हणजे हवेत फिरणारी बोटं एवढंच माहीत आहे, त्यांनी ‘उत्तरायण’ बघायलाच हवा.

दयानंद शेट्टी ‘जॉनी गद्दार’मध्ये शिवा झाले होते. मोठी भूमिका नव्हे, पण ती डगमगली असती तर चित्रपटाचा पहिला डाव फसला असता. त्याच चित्रपटात अश्विनी काळसेकर आहेत, ज्या सुरुवातीच्या ‘सीआयडी’त इन्स्पेक्टर आशा होत्या. आशुतोष गोवारीकरही आधी या मालिकेत इन्स्पेक्टर वीरेंद्र होते, मग ‘लगान’कडे गेले. जिथे काम नसलेले लोक येऊन साचतात अशी ही जागा कधीच नव्हती.

तिसरा आरोप: रोज तीच वाक्यं, त्यात अभिनय कसला? याला थोडं सविस्तर उत्तर द्यावं लागेल, कारण तपासकथेतलं काम बाहेरून दिसतं त्याहून अवघड असतं.

कौटुंबिक मालिकेत नटाला भावना दिलेली असते. तपासकथेत त्याला माहिती दिलेली असते. खून रात्री अकरा ते एकच्या दरम्यान झाला, दार आतून बंद होतं, मयताच्या बुटावर लाल माती आहे, पुतण्या त्या वेळी पुण्यात असल्याचं सांगतोय. हे सगळं प्रेक्षकाच्या डोक्यात नीट बसलं पाहिजे, आणि पाढे म्हटल्यासारखं वाटता कामा नये. ती माहिती चार जणांत वाटून, एकाने अर्धं वाक्य सोडून दुसऱ्याने उचलत पुढे न्यायची असते. ते साधलं की आपल्याला वाटतं आपणच विचार करतोय.

माझ्या आजीला शेवटच्या काही वर्षांत नीट दिसत नव्हतं आणि हिंदी तिला बाजारहाटापुरतं यायचं. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून ‘सीआयडी’ ऐकायची. जाहिराती लागल्या की आम्हाला सांगायची, ‘तो दिवाणजी खोटं बोलतोय, त्याचा आवाज मघापेक्षा पातळ झाला.’ नुसतं ऐकून तिला कथानक कळायचं, कारण साटम आणि श्रीवास्तव यांचा एकही शब्द खाली सांडत नव्हता. कुठे थांबायचं, कुठला शब्द जरा पुढे ठेवायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. याला अभिनय म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

आणि त्याहून मोठा पुरावा हवा असेल तर तोही आहे. २००४ साली लोणावळ्यात या चमूने १११ मिनिटांचा एक भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केला. मधे कट नाही. गिनीज आणि लिम्का या दोन्ही पुस्तकांत त्याची नोंद झाली. यात काय लागतं त्याचा विचार करा. कॅमेरा खोलीतून बाहेर जातो तेव्हा मागे राहिलेल्या नटाने पुढच्या प्रवेशासाठी पळत दुसरीकडे पोचायचं, आणि कॅमेरा तिथे आला की धाप लागलेली दिसू द्यायची नाही. सत्तराव्या मिनिटाला कुणाचं एक वाक्य अडखळलं तर सगळं पहिल्यापासून. संकलकाच्या टेबलावर काहीही सुधारता येत नाही. दोन तास न थांबता, चुकलं तर तिथल्या तिथे सावरून घेत पुढे जायचं हे नाटकवाल्यांचं काम आहे, आणि अभिनय न येणाऱ्यांच्या जिवावर असलं धाडस कुठलाही दिग्दर्शक करत नाही.

वाक्यं पुन्हा पुन्हा येत होती, हे खरं. २७ ऑक्टोबर २०१८ला पहिलं पर्व थांबलं तोपर्यंत १५४७ भाग झाले होते. म्हणजे वर्षाला सरासरी ७५च्या आसपास. इतक्या भागांत काही वाक्यं रूढ होणारच. कीर्तनकाराचंही एक ध्रुवपद असतं, लोक त्याची वाट बघत बसतात. ‘कुछ तो गडबड है’ हे वाक्य साटमांनी कधी संशयाने, कधी कंटाळून, कधी समोरच्याला घाबरवायला, कधी स्वतःशीच म्हटलेलं मी ऐकलंय. ज्याला सगळीकडे एकच सूर ऐकू आला त्याने मालिका न पाहता क्लिप पाहिल्यात.

जे खरं आहे ते मान्य करायला मला अडचण नाही. डॉ. साळुंखेंच्या प्रयोगशाळेत रंगीत पाण्यावरून दोन मिनिटांत जे निष्कर्ष निघायचे ते विज्ञानात बसत नाहीत. शेवटच्या काही वर्षांत कथा सैल झाल्या, भुतंखेतं आली, आणि मलाही मधले कित्येक भाग बघवले नाहीत. माझी खरी तक्रार आणखी वेगळी आहे. महिला अधिकारी येत राहिल्या आणि जात राहिल्या. मोना आंबेगावकरांसारखी समर्थ अभिनेत्री डॉ. अंजलिका होती, पण दया-अभिजीतला जसा भूतकाळ मिळाला, मैत्री मिळाली, रुसवेफुगवे मिळाले, तसं कुठल्याच स्त्री पात्राला मिळालं नाही. यावर लिहा, मी तुमच्या बाजूने बोलेन. पण हे दोष लेखनाचे आणि निर्मितीचे आहेत. ते उचलून नटांच्या माथी मारणं चूक आहे. उलट डॉ. साळुंखे झालेल्या नरेंद्र गुप्तांनी त्या रंगीत पाण्याकडे ज्या गांभीर्याने पाहिलं, आणि प्रद्युम्नशी जी मित्रासारखी हुज्जत घातली, त्यामुळे ते प्रसंग उभे राहिले.

मीमबद्दल थोडंच. लोक ज्याची नक्कल करतात ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. २०१४च्या ‘सिंघम रिटर्न्स’ने दयाला दया म्हणूनच पडद्यावर आणलं. २१ डिसेंबर २०२४ला मालिका परत सुरू झाली ती साटम, श्रीवास्तव आणि शेट्टी या तिघांना घेऊन. २०२५च्या एप्रिलमध्ये कथेत एसीपी प्रद्युम्नचा मृत्यू दाखवला तेव्हा लोक खरोखर हळहळले, माझ्या घरातही दोन दिवस तोच विषय होता.

राहिला त्या फोटोतला चौथा माणूस. मजकुरात दिनेश फडणीसांबद्दल एकच शब्द आहे, ‘जोकर’. फ्रेडी म्हणजे गोंधळलेला, बायकोला घाबरणारा, मृतदेह पाहून बिचकणारा पोलीस. पण फडणीसांनी त्याला मूर्ख होऊ दिलं नाही. मृत्यूने भरलेल्या त्या तासात घरचं बोलणारा तो एकटाच होता, आणि मुलं मालिका बघायला धजावायची ती बरीचशी त्याच्यामुळे. त्यांनी मालिकेचे काही भाग लिहिलेही. ५ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत ते गेले. वय ५७. उरलेले तिघे नव्या पर्वात परतले, ते परतू शकले नाहीत.

तो मजकूर पुन्हा आला तेव्हा पाठवणाऱ्या मावसभावाला मी फोन केला. बाकीच्या मुद्द्यांवर तो वाद घालत राहिला. फडणीस वारल्याचं त्याला माहीत नव्हतं. थोडा वेळ तो काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘थांब, काढतो,’ आणि पाच मिनिटांनी ग्रुपवरून तो संदेश नाहीसा झालेला होता.