काळे कुठे गेले? “युनिकोड आहे, म्हणजे क्रम आपोआप बरोबर लागतो” हे साफ चूक आहे

माझी मावशी एका छोट्या गावातल्या वाचनालयात सभासदांची यादी सांभाळते. वर्षानुवर्षं रजिस्टरवर काम केलेली बाई. गेल्या महिन्यात यादी कॉम्प्युटरवर गेली आणि तिला काळे सापडेनात. ती ‘का’च्या अगदी शेवटी बघत होती, किणीकरांच्या जरा वर, आणि काळे बसले होते कामत आणि कावळे यांच्या मध्ये. प्रोग्रॅम करणाऱ्याला विचारलं तर त्याने सध्या सगळीकडे फिरणारा एक मेसेज तिला पाठवला आणि वर ऐकवलं की यादी बरोबर आहे, तुमचीच सवय जुनी आहे. मावशीने तो मला पाठवला आणि विचारलं, “बघ गं, माझं चुकतंय का?”

मावशी, तुझं अजिबात चुकत नाहीये. चूक त्या मेसेजमध्ये आहे.

मेसेज म्हणतो: युनिकोडचा (प्रत्येक अक्षराला एक नंबर देणाऱ्या जागतिक पद्धतीचा) क्रम हाच वर्णमालेचा क्रम, त्यामुळे साधं सॉर्ट, म्हणजे नंबरांप्रमाणे लावणं, पुरतं, लोकेलची (भाषेनुसार नियम ठरवणाऱ्या सेटिंगची) भानगड फक्त युरोपातल्या भाषांना, लहान-मोठ्या लिपीचा (a आणि A) प्रश्न तुलनेच्या दोन्ही बाजू लोअरकेस, म्हणजे लहान लिपीत, केल्या की संपतो, दिसायला सारखं ते सारखंच, आणि लोकेल एकदा सेट केलं की परत बघायला नको.

पहिला दावा सगळ्यात वाईट, कारण तो अर्धा खरा वाटतो. हो, अं आधी, मग क ख ग, मग काना-मात्रा, मग जोडाक्षरं असं बरंचसं नुसत्या कोड नंबरांनी जमून जातं, ते मी नाकारत नाही. पण युनिकोडचा देवनागरी तक्ता आला १९८८च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या कोडवरून, आणि ती मांडणी सगळ्या भारतीय लिप्या समांतर बसाव्यात म्हणून केलेली आहे, मराठी शब्दकोश लावायला नाही. म्हणून तिथे ळ हा ल च्या शेजारी बसलाय, व च्या आधी. आपण शाळेत काय म्हणतो? श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. ह नंतर ळ. म्हणजे कामत, कावळे, काशीकर, कासार आणि मग काळे. हे मावशीला पाठ आहे आणि त्या मेसेजवाल्याला माहीत नाही.

ॲ ची गोष्ट तर याहून वाईट. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत, आणि तेही मराठीसाठी. तोवर स्वरांच्या जागा भरलेल्या, त्यामुळे त्याला नंबर मिळाला पार मागे, ह च्या नंतर आणि देवनागरी अंकांच्याही नंतर. त्यामुळे यादीतले सगळे ॲड. अमुक आणि ॲड. तमुक शेवटच्या पानावर, हर्डीकरांच्याही खाली. त्यातून काही जण अ टाइप करून वर चंद्र देतात, त्या नोंदी अहिरेंच्या खाली आणि आ च्या वर येतात. दिसायला दोन्ही ॲड. एकच, यादीत मात्र एक दुसऱ्या पानावर आणि एक शेवटच्या. आणि युनिकोडच्या नियमांनुसार हे दोन प्रकार एकमेकांसमान मानले जात नाहीत, त्यामुळे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं तरी ते जुळणार नाहीत, ते आधी आपणच साफ करून घ्यावे लागतात.

माझं ऐकू नका हवं तर. युनिकोडचंच यूटीएस १० नावाचं स्टँडर्ड आहे, कोलेशनचं, म्हणजे शब्दांचा क्रम लावण्याचं. त्यात कोलेशन म्हणजे काय नव्हे यावर वेगळा भाग आहे आणि तिथे स्वच्छ म्हटलंय की कोलेशन म्हणजे कोड पॉइंटचा, म्हणजे अक्षरांच्या नंबरांचा, क्रम नव्हे. ज्यांनी नंबर दिले तेच सांगतायत की नंबरांवरून क्रम लावू नका. तिथलंच उदाहरण आहे की स्वीडिशमध्ये ö हे z नंतर येतं आणि जर्मनमध्ये z च्या आधी, म्हणजे अक्षर तेच, भाषा बदलली की जागा बदलते. आणि हा फक्त युरोपचा प्रश्न नाही: मराठीचे नियमही सीएलडीआर या युनिकोडच्याच भाषावार नियमांच्या संग्रहात तयार आहेत, ह नंतर ळ सकट. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत साध्या सॉर्टऐवजी कोलेटरला (भाषेप्रमाणे क्रम लावणाऱ्या साधनाला) मराठीचा कोड ‘एमआर’ सांगायचा, एवढंच काम.

लोअरकेसचं: तुर्कीत मोठ्या I चं लहान रूप बिनटिंबाचं ı होतं, i नव्हे. तुर्की सेटिंगच्या मशीनवर असा कोड फसतो. पुढे.

दिसायला सारखं ते सारखंच, हेही नाही. कऱ्हाडे हे आडनाव कोणी ऱ वापरून लिहितं, कोणी र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक टाकून. स्क्रीनवर एकच दिसतं, आत साठवलेले बाइट वेगळे, सर्चमध्ये अर्धे कऱ्हाडे गायब, आणि एकाच माणसाची दोनदा नोंद होते.

आता शेवटचा दावा, एकदा सेट केलं की झालं. हा नुकसान करणारा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीची २.२८ आवृत्ती आली, तिने कोलेशनचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स (शोधासाठीच्या सूच्या) जुन्या क्रमाने बांधलेले आणि ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड झाल्यावर शोध नव्या क्रमाने, त्यामुळे टेबलात असलेली ओळ सापडत नाही आणि युनिक म्हणून बांधलेल्या कॉलममध्ये तीच नोंद परत घुसते. रीइंडेक्स केल्याशिवाय, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधल्याशिवाय, सुटका नाही. कोणी डेटाबेसला हातही लावलेला नसतो, खालची लायब्ररी बदललेली असते. यूटीएस १० मध्ये हेही लिहिलंय, की कोलेशनचा क्रम कायमचा ठरलेला नसतो.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागेल. प्रोग्रॅमच्या आतल्या किल्ल्या (नोंदी ओळखायचे कोड), फाइलची नावं, टोकन यांची तुलना करताना लोकेल मध्ये आणूच नये, तिथे थेट बाइटच बघावेत. मेसेजवाल्याला बहुतेक हेच कुठेतरी वाचायला मिळालं आणि त्याने ते माणसांच्या याद्यांनाही लावून टाकलं.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये एवढीच नावं टाकून बघा: काळे, कासार, कावळे, हर्डीकर, ॲड. जोशी. कासारांच्या आधी काळे आले किंवा हर्डीकरांच्या खाली ॲड. जोशी गेले, तर प्रोग्रॅम दुरुस्त करा आणि यादी सांभाळणाऱ्या बाईंना फोन करून तसं सांगा.