ऑडिटर नेमतं कोण?

एक बाई रजेवर गेल्या म्हणून एका शहरातली चोरी उघडकीला आली.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं डिक्सन. वस्ती जेमतेम सोळा हजार. तिथल्या पालिकेच्या हिशेबप्रमुख रीटा क्रंडवेल २०११ मध्ये मोठ्या रजेवर गेल्या. त्यांचं काम बघणाऱ्या लिपिक बाईंनी बँकेकडून सगळ्या खात्यांची स्टेटमेंट मागवली, तर त्यात एक खातं असं निघालं जे पालिकेत कुणालाच ठाऊक नव्हतं. १९९० पासून शहराचा पैसा तिकडे वळत होता. एकूण ५ कोटी ३७ लाख डॉलर. क्रंडवेलबाईंनी त्यातून जातिवंत घोडे पाळले, चारशेच्या आसपास.

लोक घोड्यांबद्दल बोलतात. मला मात्र दुसरंच कोडं पडतं. या सगळ्या वर्षांत ऑडिट होत होतं. दरवर्षी. आणि दरवर्षी अहवालात काही वावगं नाही. राज्य सरकारच्या नावाची १७९ बनावट बिलं फाइलला लागली, त्यातल्या एकासाठीही कुणी त्या सरकारी खात्याला फोन करून विचारलं नाही. ज्या फर्मकडे ऑडिट, तिच्याकडेच पालिकेची बाकीची हिशेबी कामंही होती. म्हणजे स्वतःच मांडलेल्या वहीवर स्वतःच शेरा मारायचा. पुढे शहरानं दावा लावला, तेव्हा ऑडिटर आणि बँक यांच्याकडून मिळून ४ कोटी डॉलर वसूल झाले.

माझी नोकरीची पहिली काही वर्षं ऑडिटमध्ये गेली. एका संस्थेत (नाव जाऊ दे) खरेदीवर मी आक्षेप काढला होता. तिथले लेखापाल अगदी प्रेमानं म्हणाले, "तोंडी सांगितलंत ना, आम्ही दुरुस्त करतो. लिहायला कशाला पाहिजे?" माझ्या वरिष्ठांनी तो पॅरा, म्हणजे आक्षेपाचा मजकूर, अहवालातून गाळला. ते लबाड नव्हते. पुढच्या वर्षीची नेमणूक त्याच टेबलावरून व्हायची होती, एवढंच.

म्हणून 'ऑडिटर प्रामाणिक पाहिजे' हे वाक्य ऐकलं की मला जरा कंटाळाच येतो. प्रामाणिक तर सगळेच पाहिजेत. विचारायचं ते हे की त्याला नेमतं कोण, काढू शकतं कोण, त्याची फी कोण ठरवतं, आणि त्याचा अहवाल आधी कुणाच्या हातात पडतो. या चारही प्रश्नांचं उत्तर 'ज्याचे हिशेब तपासायचे तोच' असं असेल, तर तिथे देवमाणूस बसवला तरी दोन वर्षांत तो तोंडी सांगायला लागेल.

ओरेगनमधल्या पोर्टलंडला ऑडिटर थेट मतदार निवडून देतात. आता याहून स्वतंत्र ते काय असणार! पण तिथेही २०१७ पर्यंत त्या कार्यालयाला वकील लागला तर पालिकेचाच घ्यावा लागे, नोकरभरतीही पालिकेच्याच विभागामार्फत. म्हणजे उद्या ज्यांचा कारभार तपासायचा, त्यांच्याकडेच आज माणसं मागायची. मे २०१७ मध्ये लोकांनी मतदान करून शहराच्या सनदेत, म्हणजे पालिकेच्या मूळ नियमावलीत, दुरुस्ती केली आणि ही नाळ तोडली. बातमी म्हणून अगदी रटाळ. पण स्वातंत्र्य असतं ते अशाच रटाळ कलमांत.

आणि प्रश्न नुसत्या चोरीचा नसतो. व्हाउचर आहे, मंजुरी आहे, सही आहे, बेरीज जुळते. तरी निर्णयच वाईट हेतूनं घेतलेला असू शकतो. लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलनं ऐंशीच्या दशकात पालिकेची घरं विकायला काढली. अटीतटीच्या वॉर्डांत आपल्या पक्षाचे मतदार वाढावेत असा हिशेब त्यामागे होता. ऑडिटर जॉन मॅगिल यांनी अनेक वर्षं खणून १९९६ मध्ये हा प्रकार बेकायदा ठरवला. कौन्सिलच्या माजी प्रमुख शर्ली पोर्टर कोर्टात गेल्या. त्यांचा एक मुद्दा असा, की ऑडिटरनं निकालाआधीच, १९९४ मध्ये, पत्रकार परिषद घेऊन प्राथमिक निष्कर्ष सांगितले, सबब तो पूर्वग्रहदूषित. २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, तो फेटाळला. तरीही माझं मत असं की मॅगिल यांनी कॅमेऱ्यापुढे जायला नको होतं. आयुष्यभराचं काम एका दुपारच्या उत्साहानं धोक्यात येता येता वाचलं. ऑडिटरनं बोलायचं ते कागदावर.

याच इंग्लंडनं पुढे काय केलं बघा. तिथे १९८३ पासून ऑडिट कमिशन होतं. कोणत्या कौन्सिलला कोणता ऑडिटर हे कमिशन ठरवायचं, कौन्सिल नाही. खर्च फार, नोकरशाही फार, असं म्हणत सरकारनं ते मोडीत काढलं आणि २०१५ मध्ये कमिशनला कुलूप लागलं. मग? २०२२-२३ चे तपासलेले हिशेब सप्टेंबर २०२३ च्या मुदतीत प्रसिद्ध करणाऱ्या स्थानिक संस्था निघाल्या १ टक्का. साचलेला ढीग उपसायला शेवटी सरकारला डिसेंबर २०२४ ची मुदत घालावी लागली, आणि शेकडो हिशेबांवर ऑडिटरनं लिहून दिलं, 'मत देता येत नाही.' सगळं खापर एक कमिशन बंद होण्यावर फोडणं बरोबर नाही. करोना होता, कडक झालेले निकष होते, हे काम घ्यायला तयार फर्म मोजक्याच होत्या. पण हे सगळं सांभाळायला मधे कुणी उरलंच नव्हतं, हे तर खरं?

'ऑडिटमुळे कामं अडतात' ही तक्रार मी नेहमी ऐकतो. थोडी खरीही आहे. भित्रा अधिकारी आक्षेपाच्या धाकानं फाइल पुढे सरकवतच नाही. पण त्यावर उपाय ऑडिटरला कामाची जाण देणं हा आहे, त्याला टेबलाखाली ढकलणं नाही.

मी स्वतः कुठल्याही शहराचा अहवाल हातात आला की आकड्यांकडे नंतर वळतो. आधी मागच्या वर्षांच्या आक्षेपांच्या पूर्ततेचा तक्ता काढतो. 'कार्यवाही सुरू आहे' हे एकच उत्तर एकाच पॅऱ्यासमोर किती वर्षं आलंय, ते बोटांवर मोजतो. बऱ्याचदा एका हाताची बोटं पुरत नाहीत.