जगात तिसरे कसे यावे

गोव्यात तिस्काच्या नाक्यावर परवा आणखी एक फलक लागला : ‘आंतरराष्ट्रीय पेटंट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. आपल्या कॉलेजलाही असा फलक हवा असेल, आणि जाताजाता देशही महासत्ता व्हायला हवा असेल, तर पुढील पथ्ये पाळा.

शोधनिबंध मोजा, वाचू नका. संख्येत आपण चीन-अमेरिकेनंतर तिसरे आहोत, तेवढे पुरे. चवथीला गणपतीवर टांगलेल्या माटोळीचे जिन्नस मोजतात, फळ फोडून कोण बघतो?

मोजताना वाटणी करू नका. हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या २०१५च्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांतली २४ पाने नावांचीच. त्यात भारतीय संस्था आहेत ना? मग अख्खा निबंध आपला.

भाजक सोयीने घ्या. देशाचे सांगताना एकूण संख्या, गोव्याचे सांगताना दर लाख लोकसंख्येमागे. दोनापावलाची एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था) आणि सड्यावरची एनसीपीओआर (ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र) केंद्राच्या असल्या तरी त्यांचे निबंध गोव्याचेच धरा; भाजक आपलाच, जेमतेम पंधरा लाखांचा.

जागतिक नवोन्मेष निर्देशांकात ८१वरून ३८वर आलो तर निर्देशांक शास्त्रीय. घसरलो तर गोऱ्यांचा आकस.

आता पेटंट. त्याला कल्पना लागत नाही, फॉर्म ९ लागतो. अर्ज एरवी १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, फॉर्म ९ भरला की महिन्याभरात. प्रसिद्ध होणे म्हणजे ‘असा अर्ज आलाय’ एवढी दवंडी; तपासलेले काहीच नसते. तपासणीचा फॉर्म १८ वेगळा, ३१ महिन्यांच्या आत भरायचा. तो विसरा. भरलात तर परीक्षक जुने शोध काढून दाखवील. न भरल्यास अर्ज मागे घेतला असे धरतात, पण तोवर फलक पावसात फाटलेला असतो. एवढाही धीर नसेल तर ब्रिटनमध्ये डिझाइन नोंदवा. तिथे फक्त दिसण्याची नोंद होते, ते नवे आहे का हे नोंदवताना तपासत नाहीत. डब्याचे चित्र पाठवा, आठ जणांची नावे घाला. दलाल नावागणिक दर सांगतात. झाले आंतरराष्ट्रीय पेटंट! आत यंत्र? कसले यंत्र, डबाच आहे तो! आणि या डब्याला बढतीचे गुण देणाऱ्या समितीतल्या एकालाही नोंदणी क्रमांक टाकून बघावासा वाटला नाही. दोन मिनिटांचे काम!

खर्चाचा आकडा तेवढा काढू नका. २०२०-२१मध्ये संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के, दक्षिण कोरियाचा पाचाच्या आसपास.

अहो, ॲर्गॉनचा सिलिंडर संपला म्हणून प्रयोगशाळेतलं कोटीचं मशीन बंद पडून आहे, कारण गॅसवाल्याचं मागचं बिल थकलंय! पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेनं त्याचे बोर्ड गंजतात, कारण एसी दुरुस्तीच्या खर्चाचं ‘हेड’ वेगळं! ३७ हजारांची फेलोशिप महिनोन् महिने येत नाही, आणि ज्यानं रीडिंग घ्यायची तो पोरगा घरमालकाला चुकवत फिरतो. हे मोजा की. मशीन वर्षातले किती दिवस चाललं ते लॉगबुकात लिहिलेलं असतं. उघडा ते एकदा, धूळ झटकून.